आत्याची दहा मिनिटं

माझी आत्या एकतीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर बोलली आणि निवृत्त झाल्यावर तिने मनावर घेतलं काय, तर लोकांना गप्प बसवायचं.

"आयुष्यभर मिरच्या विकल्या आणि आता डोळ्यांत घालायचे थेंब वाटत निघाली," बाबा म्हणाले. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. कुठलाही विषय काढा, त्यांना शेवटी डोळेच आठवतात. ते आत्याचे धाकटे भाऊ. पंचावन्न वर्षांच्या या माणसाला ती अजून 'बाळ्या' म्हणते, तेही गिऱ्हाइकांसमोर.

आत्याची केबिन मी लहानपणापासून पाहिलेली. तीन बाजूंनी काच, एक चाक तुटलेली फिरती खुर्ची, लाल बटणाचा माइक आणि भिंतीवर वेळापत्रकाचा पुठ्ठा. त्यावर इतक्या खाडाखोडी होत्या की तो फक्त तिलाच वाचता येई. प्रत्येक सूचना तीनदा द्यायची, हा तिथला नियम. त्यामागचं शास्त्र आत्या असं सांगायची: "पहिल्यांदा सांगितलं की ज्याला ऐकायचंय तो ऐकतो. दुसऱ्यांदा, ज्याला ऐकायचं नाही तो. तिसऱ्यांदा सांगायचं ते जो चौकशीच्या खिडकीत येऊन तेच विचारणार आहे त्याच्यासाठी. आणि तो तरीही येऊन विचारतोच."

सवय घरापर्यंत आली होती. "जेवायला चला. जेवायला चला. जेवायला चला." लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "सदर गाडी रद्द करण्यात आलेली आहे." हे मात्र एकदाच म्हणायची, आणि विचारणारा पुन्हा विचारायच्या भानगडीत पडायचा नाही.

तिच्या नोकरीच्या विसाव्या वर्षी एका हिवाळ्यात धुक्यात बस पुलावरून खाली गेली. नऊ माणसं गेली. नातेवाईक स्थानकावर जमले होते आणि यादी आत्याच्या हातात आली. तिने नऊ नावं वाचली. प्रत्येक नाव तीनदा. मग बटण न सोडता, कुणी सांगितलेलं नसताना ती म्हणाली, "दोन मिनिटं सगळ्यांनी शांत उभं राहावं." लोक उभे राहिले. टोप्या निघाल्या. फलाटावर लावलेल्या बसची इंजिनं मात्र धडधडतच राहिली.

"गार पडलेलं इंजिन थंडीत परत सुरू होत नाही, हे मलाही कळतं गं," आत्या सांगते, "पण नऊ माणसांसाठी दोन मिनिटं? एकानेही किल्ली फिरवली नाही."

हे ती सांगते तेव्हा अकरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीसारखं सांगत नाही. तो ड्रायव्हर जणू आत्ता समोर बसलाय.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिने आठ दिवसांची रजा घेतली आणि तीन गाड्या बदलून एका टेकडीवरच्या प्रार्थनाघरात जाऊन राहिली. वेगवेगळ्या चर्चची माणसं तिथं एकत्र राहतात, भाजी लावतात आणि दिवसातून तीनदा गातात. गातात म्हणजे एकच ओळ. वीसदा, तीसदा, कधी चाळीसदा. मग दहा मिनिटं काहीच नाही. मग उठून कामाला.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचारे पुढची ओळ विसरले," आत्या म्हणाली. "दहाव्या वेळेला कंटाळा आला. विसाव्या वेळेला राग आला. पंचविसाव्याला राग कुठं गेला ते कळलं नाही. मग सगळे थांबले. बाहेर एक माणूस फावड्याने माती ओढत होता." इथे ती माझ्याकडे बघून थांबली. "तोसुद्धा थांबला."

त्या फावडेवाल्याने आमच्या आत्याला बिघडवलं.

आमच्या चर्चच्या मागे एक खोली आहे. पूर्वी तिथं शिवणवर्ग चालायचा. अजून फरशीच्या फटींत टाचण्या सापडतात. ती मागायला आत्या फादरकडे गेली. फादर तरुण, येऊन आठच महिने झालेले, आणि त्या खोलीत टेबल टेनिस सुरू करून पोरांना चर्चकडे आणायचं त्यांच्या डोक्यात होतं.

"दर गुरुवारी पाच वाजता," आत्या म्हणाली. "एक ओळ गायची आणि दहा मिनिटं शांत बसायचं."

"दहा मिनिटं?" फादर हसले. "आपली मंडळी? बाई, माझं प्रवचन अकरा मिनिटांचं असतं, त्यात चार जण बाहेर जाऊन येतात."

"बसतील."

"बरं. तीन महिने घ्या. शेवटच्या गुरुवारी मीही येतो. दहा मिनिटं खरोखर शांततेत गेली, तर खोली कायमची तुमची."

फादर हे गमतीने बोलले असावेत. पण वेळेच्या बाबतीत आत्याशी गंमत करायची नसते. तिने घरी येऊन कॅलेंडरवर तेरा गुरुवारांना गोल केले.

समोरच्या गल्लीत दुसऱ्या पंथाचं चर्च आहे. त्यांच्या-आमच्यात घंटा कुणाची मोठी, यापलीकडे बोलणं नसायचं. आत्याने दोन्हीकडे चिठ्ठी लावली: 'शांतीसाठी गायन व मौन. सर्वांचे स्वागत.' आमच्याकडून आली एक निवृत्त नर्सबाई. त्यांच्याकडून आला सुतार, त्याची बायको आणि त्याची वहिनी. या दोघी जावा एका घरात राहून चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी आल्या, कारण दुसरी जाणार आहे हे दोघींना कळलं होतं. मेणबत्ती आणि खुर्च्या माझ्याकडे.

पहिल्या गुरुवारी आत्याने गोल करून बसवलं आणि पद्धत सांगितली. टेकडीवर शिकलेली: ओळ कधी थांबवायची ते एकच जण ठरवतो. तो गाता गाता हात गुडघ्यावर ठेवतो. तेवढं दिसलं की पुढच्या ओळीसाठी श्वास कुणीच घ्यायचा नाही. घंटा नाही, 'आमेन' नाही, काही नाही. ओळ आत्यानेच बांधलेली, साध्या चालीची: *तुझ्याजवळ, प्रभो, जीव माझा निवांत.*

गाणं बरं झालं. आत्याचा हात गुडघ्यावर गेला. सगळे थांबले. आणि आत्या, एकतीस वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाली:

"शांतता सुरू झालेली आहे."

सुतार खुर्चीत दचकला. मला हसू आवरेना, म्हणून मी मेणबत्तीकडे बघत राहिले. दोन मिनिटं गेली असतील नसतील, नर्सबाईंनी हळूच विचारलं, "पंखा वाढवू का गं?"

"शांतता!"

"अगं, विचारलं फक्त."

"विचारू नका!"

"मग मला कळणार कसं?"

"काय कळायचंय? तुम्हाला उकडतंय तर उठून वाढवा!"

"मला नाही उकडत. तुझा चेहरा लाल झालाय म्हणून विचारलं."

तो पहिला गुरुवार. पुढचे असेच गेले. कधी सुताराच्या खिशातली मोजपट्टी सर्रकन मिटायची. कधी नर्सबाईंना झोप लागायची आणि त्या झोपेत कुणाला तरी "लांब श्वास घ्या, लांब" सांगायच्या. आणि प्रत्येक वेळी सगळ्यांत मोठा आवाज व्हायचा तो आत्याच्या 'शांतता!'चा. हे तिला सांगणार कोण?

मी सांगून पाहिलं एकदा. "आत्या, तू डोळे मिटून बस ना. झाला आवाज तर होऊ दे."

"मी डोळे मिटले तर घड्याळ कोण बघणार? तू?"

सहाव्या गुरुवारी आत्याने मौनाआधी मोकळ्या प्रार्थना ठेवल्या. ज्याच्या मनात जे असेल ते त्याने बोलावं, म्हणजे मन रिकामं होईल. सुतारीण लगेच सरसावली.

"प्रभो, काहींना वाटतं की सासूबाईंच्या आजारपणात आपण एकट्याच राबलो. त्यांना सद्बुद्धी दे."

जाऊबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आणि प्रभो, जे औषधाच्या बाटलीवरचं नाव न वाचता पाजतात, त्यांना चष्मा दे."

"प्रभो, ती बाटली कुणी कुठल्या फळीवर ठेवली होती, ते तुला ठाऊकच आहे."

"आमेन," सुतार घाईघाईने म्हणाला. "आमेन, आमेन."

मोकळ्या प्रार्थना त्याच दिवशी बंद झाल्या. घरी येताना आत्या वाटेतला प्रत्येक दगड लाथेने बाजूला करत होती. "शांतीसाठी! शांतीसाठी जमलेत! त्यापेक्षा बसस्थानक बरं होतं. तिथं निदान मला काचेच्या आत बसवलं होतं."

आणखी एक अडचण होती आणि ती आरडून मिटणारी नव्हती. वाद्य नसलं की एकच ओळ गाता गाता सूर खाली सरकत जातो. सुताराचा आवाज जाड, तो ओळ खाली खेचायचा आणि बाकीचे त्याच्यामागून उतरायचे. पंचविसाव्या वेळेपर्यंत ओळ इतकी खाली गेलेली असायची की ती एकट्या सुतारालाच गाता येई. दोघी जावा नुसते ओठ हलवत. मग माणसं ओशाळायची, आणि ओशाळलेलं माणूस गप्प बसत नाही, ते खोकतं.

सूर धरायला कुणीतरी हवं होतं. ते कोण, हे आम्हा दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबा आमच्या चर्चच्या कॉयरला कीबोर्ड वाजवतात. पण बाबांना विचारायचं म्हणजे आजीच्या दफनाच्या दिवसापाशी जाऊन उभं राहायचं.

तीन वर्षांपूर्वी आजी गेली. शवपेटी खाली उतरल्यावर दोन मिनिटं काही वाजवायचं नाही, असं आत्याने बाबांना बजावलं होतं. बाबांनी अर्ध्या मिनिटात गीत सुरू केलं आणि पाचही कडवी वाजवली. तेव्हापासून ती दोघं बोलतात, रोज बोलतात, पण एकमेकांना टोचायलाच.

बारावा गुरुवारही वाया गेला, तेव्हा आत्या मला घेऊन दुकानात गेली. दुसरी जागा नव्हती म्हणून ती डोळे तपासायच्या खुर्चीत बसली. बाबांनी सवयीने तिच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली.

"काय काम काढलंस, ताई?"

"सूर पडतो."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. संपेपर्यंत आम्ही तळघरात."

"मग तीस-तीस वेळा म्हणता कशाला? एकदा म्हणा, बरं म्हणा, घरी जा. खालून तिसरी ओळ वाच."

"म, प, ठ. बाळ्या, तू येऊन एक सूर धरून बस. बाकी काही नको."

"ठ नाही, ढ आहे. आठ वर्षं कॉयर चालवतोय मी. एक सूर धरायला मी काय शिट्टी आहे?"

"ते ढिशांग-ढिशांग बटण दाबायचं नाही."

"त्याला ताल म्हणतात. आणि शेवट?"

"शेवट आपोआप होतो."

"आपोआप काय होतं? दूध उतू जातं आपोआप. गाण्याचा शेवट कुणीतरी करावा लागतो."

"तुला तर शेवटाची भारी घाई असते. माहीत आहे मला."

बाबांच्या हातातली काच चौकटीत बसेना. ते दोनदा चुकले. तेवढ्यात नर्सबाई चष्म्याची दांडी घेऊन आल्या आणि शेवट कुणी करायचा हे तिथंच राहिलं. "येतो मी," एवढंच बाबा म्हणाले. "आणि तुझा नंबर वाढलाय. डावा."

शेवटचा गुरुवार. फादर पाचला पाच कमी असताना आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. खोलीत प्लगची जागा एकच, आत्याच्या पाठीमागच्या भिंतीत. म्हणून कीबोर्ड तिथं लागला. बाबांना आत्याचा अंबाडा दिसत होता. आत्याला बाबा दिसत नव्हते. मी समोर होते, मला दोघंही दिसत होते. पण हे असं बसणं म्हणजे काय, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

ओळ सुरू झाली. काय सांगू, सूर असा ठाम उभा राहिला की सुतारसुद्धा त्याला धरून वर राहिला. वीस झाल्या. पंचवीस. आत्याने हात गुडघ्यावर ठेवला, श्वास सोडला आणि थांबली. सगळे थांबले.

बाबा नाही थांबले. त्यांना गुडघा दिसतच नव्हता. ते पुढच्या फेरीत शिरले. सूर ऐकून सुतार गोंधळला आणि पुन्हा गायला लागला, त्याच्यामागे दोघी जावा, मग नर्सबाई. आत्याची पाठ ताठ झाली. तिला वाटलं, बाळ्याने मुद्दाम केलं. मी भुवया उंचावून बाबांना खुणावलं. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. त्यांनी मान डोलावली.

तिसाव्या फेरीला बाबांनी आपल्या मताने शेवट केला, छान, ठेहराव देऊन, आणि हात उचलले. आता आत्या थांबेल? तिने छाती भरून श्वास घेतला आणि माइकवरच्या आवाजात ओळ पुन्हा उचलली. *तुझ्याजवळ, प्रभो!* बाबांना हात परत ठेवावे लागले. त्यांनी ओठ घट्ट मिटले. आमच्या घराण्यात ओठ असे मिटले की मग कुणाचं ऐकत नाहीत.

पस्तीस. चाळीस. मी मोजत होते, दुसरं करणार काय? बोलले असते तर मीच सगळं मोडलं असतं. एका ओळीवरून बहीण-भाऊ एकमेकांना ओढत होते, आणि ओळ होती निवांतपणाची. फादरनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. पंचेचाळिसाव्याला जाऊबाई दमून थांबल्या. मग सुतारीण. नर्सबाईंनी मांडीवर हात ठेवले आणि डोळे मिटले, झोपल्या नव्हत्या. सुतार सगळ्यांत शेवटी थांबला. आता एकटी आत्या गात होती आणि बाबा वाजवत होते, आणि बाकीचे आम्ही नुसते ऐकत होतो.

पंचावन्नच्या पुढे आत्याचा आवाज चिरला. सूर सुटायला लागला. कीबोर्ड एका जागी, आत्या त्याच्या थोडी खाली. दोन्ही मिळून कानाला करकर. बाबांना सगळं चालतं, पडलेला सूर चालत नाही. त्यांनी हात काढून घेतले आणि वैतागून, अगदी वैतागून, स्वतः गायला लागले. बाबा कधी गात नाहीत. वाजवणाऱ्याने गाऊ नये असं त्यांचं मत आहे, आणि त्यांचा आवाज ऐकला की ते पटतं. पण त्यांनी आत्याचा सूर खालून उचलून धरला, पडणाऱ्या माणसाला काखेत धरतात तसा. दोघांनी ओळ दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा कुणीच श्वास घेतला नाही.

त्रेसष्ट.

आत्या काही बोलली नाही. 'शांतता सुरू झालेली आहे' नाही, काही नाही. पंखा फिरत होता. बाहेरून एक सायकल गेली, तिची साखळी कुठंतरी घासत होती. सुताराचे मोठे हात उपडे पडले होते, सुटीवर असल्यासारखे. सुतारीण आणि तिची जाऊ एकाच जागी बघत होत्या, मेणबत्तीखालच्या मेणाकडे. मी मोजत नव्हते. मला वाटतं, कुणीच मोजत नव्हतं.

आणि फादरचा फोन वाजला.

साधा वाजला असता तरी ठीक. पण त्यावर तुतारीसारखी धून होती. फादर खिसे चाचपत उठले, खुर्ची पडली, फोन झग्याच्या आत कुठंतरी, धून चालूच. बंद झाला तेव्हा सगळे आत्याकडे बघत होते.

"सात," आत्या म्हणाली.

"बाई, माफ करा. सगळी चूक माझी. दरवेळी बंद करतो, आज नेमका..."

"सात मिनिटं, फादर."

"तुम्ही मोजत होतात?" फादर म्हणाले.

"एकतीस वर्षं मोजतेय."

"बरं, ऐका. मी आजवर या चर्चमध्ये इतकी शांतता अनुभवलेली नाही. खोली तुमची."

नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. आत्या उठून उभी राहिली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"ठरलं होतं दहा. झाली सात. गाडी वाटेत बंद पडली तर ती वेळेवर पोचली असं मी माइकवरून सांगायचं का?"

"अहो, पण फोन माझा होता!"

"गाडी कुणामुळे बंद पडली हे प्रवाशांना नका सांगू. पोचली का, तेवढं सांगा."

"अगं बाई, घे ना ती खोली!" नर्सबाई ओरडल्या. "तीन महिने या खुर्च्यांवर माझ्या कमरेने तपश्चर्या केलीय!"

"देतायत तर घ्यायला काय होतं हिला?" सुतारीण म्हणाली.

"तेच म्हणते मी," जाऊबाई म्हणाल्या. "हट्ट तो किती!"

"माणसाने इतकंही ताणू नये."

"बघा ना."

चार वर्षांत दोघी जावा पहिल्यांदा एका बाजूला आल्या, आणि ती बाजू होती आत्याच्या विरुद्ध. सुतार तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"किती शांत वाटलं आज," निघताना तो हळूच आत्याला म्हणाला.

"मला नाही वाटलं," आत्या म्हणाली.

घरी जाताना कीबोर्डचं एक टोक बाबांकडे, एक आत्याकडे. मी मागे स्टँड घेऊन. दोन चौक ओलांडले.

"मुद्दाम केलंस," आत्या म्हणाली.

"काय केलं?"

"हात गुडघ्यावर ठेवला होता मी. पंचविसाव्याला."

"मला काय पाठीतून गुडघा दिसणार? काय लावल्यात मी, दुर्बिणी?" बाबा थांबले. "म्हणजे तू तेव्हा थांबली होतीस?"

"मग?"

"आणि मी शेवट केला तेव्हा तू..."

"मला वाटलं, तू परत घाई केलीस. आईच्या वेळेसारखी."

बाबांनी आपल्याकडचं टोक एका दुकानाच्या पायरीवर टेकवलं. आत्यालाही टेकवावं लागलं.

"आईच्या वेळेला," बाबा म्हणाले, "सगळे रडत होते. मी तुझ्याकडे बघितलं, म्हटलं ताई रडली की मीही रडेन. तू घड्याळ बघत होतीस. आईची पेटी खाली, आणि तू मनगटाकडे बघत होतीस. मला ते बघवेना. म्हणून सुरू केलं."

आत्याने पदराने कीबोर्डवरची धूळ पुसली, जिथं धूळ नव्हती तिथली. मग म्हणाली, "उचल. हात भरून येतो माझा."

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तर खोलीच्या मधोमध हिरवं टेबल टेनिसचं टेबल. आत्याचं 'नाही' फादरनी खरं धरलं होतं. पोरांनी बुधवारीच टेबल आणून जोडलंही होतं. "गुरुवारी पाच ते सहा तुम्हीच बसा," फादर खजील होऊन म्हणाले, "फक्त टेबल हलवता येणार नाही. पाय फरशीत पक्के केलेत."

"कुणी केले?" आत्याने विचारलं.

सुतार छताकडे बघू लागला. "मला काय माहीत कशासाठी हवंय ते."

आत्या त्यावर काय काय बोलली ते लिहीत नाही. शेवटी खुर्च्या टेबलाभोवतीच लागल्या. मधे जाळी, जाळीच्या अलीकडे मेणबत्ती. बाबांनी घरून लांब वायर आणली होती, त्यामुळे ते या वेळी आत्याच्या समोर, जाळीपलीकडे बसले. पण आता टेबलाखाली कुणाचाच गुडघा दिसेना. आत्याने टेबलाखाली हात नेला, काढला, वैतागून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि जाळीवरून बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

ओळ सुरू झाली. अठ्ठावीस. आत्याने हात हिरव्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. बाबांनी हात उचलले.

आत्याने डोळे मिटले. हे मी पहिल्यांदा पाहत होते. तिचा जबडा घट्ट होता, कपाळावर आठी होती, हाताची बोटं दोनदा मनगटाकडे जाऊन रिकामी परतली. निवांत वगैरे ती मुळीच दिसत नव्हती. पण डोळे मिटलेले होते.

मग जाऊबाई शिंकल्या. साधं शिंकणं नव्हे, मेणबत्ती विझली. सुतारिणीने न बघता स्वतःचा रुमाल तिच्याकडे सरकवला.

आत्याने डोळे उघडले. जाऊबाईंकडे असं पाहिलं की दुसरी शिंक आतच राहिली. मग जाळीवरून बाबांकडे पाहिलं.

"किती?"

बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"आठ," ते म्हणाले.

"आठ?"

"साडेआठ म्हणायला माझी हरकत नाही."

"आठ म्हणजे आठ," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "बघतेस काय? मेणबत्ती लाव."